अंगणातली तार
माणसाची पारख त्याने निवडलेल्या तारेच्या जाडीवरून होते, असं मी गाड्यांची वायरिंग करताना चाळीस वर्षं कोकंद शहरातल्या गिऱ्हाइकांना सांगत आलो. जावयाला मात्र हे ऐकवता येत नाही. दिलमुरादने गाडीत तीन अ‍ॅम्प्लिफायर बसवले आणि तिन्हींसाठी मिळून पेन्सिलीहून बारीक अशी एकच तार आणली. “एकाला पुरते, बाबा, मग तिघं वाटून घेतील.” “जावईबापू, तिघं एकदम जेवायला बसले की एकशेऐंशी अँपिअर ओढतात. तार तापून पेटेल, आणि तिच्यावरच नातीची सीट आहे.” “बाजार आज बंद, आणि वरात उद्या.” उसासा टाकून मी अंगणात गेलो, धुणं वाळत घालायला बांधलेली वेल्डिंगची अंगठ्याएवढी जाड तार सोडली आणि दुखऱ्या कंबरेने दिवसभर बॉनेटपासून डिकीपर्यंत ओढली. संध्याकाळी गाण्याने खिडक्या थरथरल्या. ओल्या कपड्यांची बादली घेऊन बायको म्हणाली, “जावईबापू, ती बारीक तार तेवढी ठेवून जा.”