पाय टेकवायचा नाही

ट्रकच्या केबिनचा तळ गंजायला लागला, तेव्हा ड्रायव्हरने गॅरेजवाल्यावर भरवसा न ठेवता गंज रोखणाऱ्या रबरी कोटाचा डबा आणला आणि स्वतःच ब्रश हातात घेतला. गंज दारांशी जास्त होता, म्हणून त्याने दोन्ही दारांपासून सुरुवात करून आत आत कोट मारत आणला. उतरायच्या पायऱ्यासुद्धा सोडल्या नाहीत. शेवटचा हात फिरवून मान वर केली, तेव्हा महाशय सीटवर मांडी ठोकून बसलेले, मांडीवर उघडा डबा आणि चहूकडे ओला कोट.

नेमकी तेव्हाच बायको बॅग घेऊन उघड्या दाराशी येऊन उभी राहिली.

"अहो, मी कायमची चाललेय. खाली उतरून एकदा 'जाऊ नको' म्हणालात, तरी थांबेन."

"आत्ता? अगं, सहा तास पाय टेकवायचा नाही."

"माझ्यासाठीसुद्धा?"

"तुझं-माझं काही नाही गं, डब्यावरच तसं लिहिलंय."

"जन्मात माझं एक ऐकलं नाहीत. डब्याचं बरं ऐकताय!"

ती जरा वेळ थांबली. त्याने खाली बघितलं, उडी जमेल का याचा अंदाज घेतला आणि मांडीवरचा डबा दोन्ही हातांनी नीट धरला. बॅगेच्या चाकांची खडखड कोपऱ्यापर्यंत ऐकू आली, मग तीही विरून गेली. त्याला काही म्हणजे काहीच वाटेना. तो नुसता बसून राहिला.



कोट मात्र एकसारखा वाळला. कुठे एक पाऊलसुद्धा उमटलं नाही.