चॉकलेटची चांदी

एकाग्रतेच्या सरावासाठी ठेवलेले डब्यातले बेदाणे संपले होते, म्हणून समुपदेशक अनघानं पर्समधलं चॉकलेट विश्रामच्या तळहातावर ठेवलं. "डोळे मिटा. घाई नको. जन्मात पहिल्यांदाच खाताय असं समजून चॉकलेट उघडा आणि फक्त लक्ष द्या."

व्यसनमुक्ती केंद्रातल्या त्या छोट्या खोलीत दोघंच होते. तिनंही डोळे मिटले. चांदी उलगडल्याचा चुरचुर आवाज आला, आणि मग बराच वेळ तोच येत राहिला.

तिनं डोळे उघडले. चॉकलेट जमिनीवर पडलं होतं. विश्राम मांडीवर चांदी नखानं घासत होता, एकही सुरकुती राहू नये अशी. दुसऱ्या हाताचा अंगठा हातात नसलेला लायटर पेटवत होता.

गर्द अशाच चांदीवर जाळून ओढतात, हे अनघा कॉलेजाकॉलेजांत भाषणं देऊन सांगायची. आणि आज तिनंच ती याच्या हातात दिली होती! चांदी हिसकावून घ्यायला ती उठू लागली.

"थांबा मॅडम," डोळे न उघडताच तो म्हणाला. "तलफ आलीय. तुम्हीच सांगितलंत ना, तिच्याशी भांडायचं नाही, पळायचं नाही, नुसतं बघत बसायचं. बघतोय मी."

त्याच्या कपाळावरून घाम ओघळला. जबडा थरथरला. ती अर्धवट उठलेली, तशीच थिजली. हळूहळू त्याचा अंगठा थांबला. त्यानं चांदीची गोळी केली, चाचपडत तिचा हात शोधला आणि त्यात ठेवली.

"गेली," तो म्हणाला. "मॅडम, आता तुम्ही श्वास घ्या."