कमलबाईचा प्रश्न

धुळ्याच्या कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या अभिमनरावांकडे त्या दुपारी त्यांचा वर्गमित्र हिलाल भरीत खायला आला होता. हिलाल अणुभट्टीवर शास्त्रज्ञ होता. अभिमनरावांची बायको कमलबाई परसात वांगी भाजत होती आणि दोघे मित्र तिथेच खाट टाकून बसले होते.

इतकी वर्षं युरेनियमवर गेली, आता थोरियमच्या कामावर घेतलंय, असं हिलाल सांगत होता. कमलबाईने वांगं उलटता उलटता विचारलं, दोन्ही धातूच ना, मग फरक काय?

अभिमनरावांनी चमकून बघितलं. इतक्या वर्षांच्या संसारात त्यांच्या विषयातलं तिने कधी काही विचारलं नव्हतं.

हिलाल खाटेवरून उठला आणि चुलीपाशी उकिडवा बसला. "सोपं शे, वहिनी. ह्या कपाशीच्या काड्या म्हणजे युरेनियम. ठिणगी पडली की पेटतं. हे ओलं लाकूड म्हणजे थोरियम. आपल्या देशात ढिगानं आहे, पण आपण होऊन पेटत नाही. काड्यांच्या जाळात ठेवलं, की तेही धरतं."

"म्हणजे त्याला आधी युरेनियमची सोबत लागते."

हिलालने मान डोलावली. कमलबाई हसली.

ते हसू अभिमनरावांना झोंबलं. "अर्धवट सांगू नकोस," ते म्हणाले. युरेनियम तरी सगळं कुठे पेटतं, त्यातला शंभरातला एक भागही नाही. आणि थोरियम स्वतः जळतच नाही, न्यूट्रॉन गिळून त्याचं निराळं युरेनियम होतं, ते जळतं. बराच वेळ ते बोलत राहिले. हिलालने सगळं कबूल केलं. कमलबाई खाली मान घालून वांगी सोलायला लागली.

जेवणं झाली, हिलाल नरडाण्याची एसटी पकडायला गेला. अभिमनरावांना मात्र चैन पडेना. कमलबाई मोरीपाशी भांडी घासत होती. तिच्या बाजूला उभं राहून त्यांनी युरेनियमपासून पुन्हा सुरुवात केली.

"कळलं मला मघाशीच," ती म्हणाली.

"त्याने सांगितलेलं कळलं. माझ्यापेक्षा कमीच सांगितलं त्याने."

कमलबाईचा हात थांबला.

"भाऊजी माझ्याकडे बघून सांगत होते," ती म्हणाली. "तुम्ही आत्तासुद्धा भिंतीकडे बघताय."