श्रेयसचं सुवाच्य पत्र

सुचित्राबाईंनी आधी भारतच्या शुद्धलेखनातल्या दोन चुका दाखवल्या आणि मग मुद्द्याला हात घातला.

"तू केंद्रात जेमतेम तीन महिने होतास," त्यांनी लिहिलं. "उपचार अर्धवट टाकून पळालेल्यानं केंद्राला नावं ठेवू नयेत."

फेसबुकवरच्या त्या गटात व्यसनमुक्ती केंद्रातून सुटलेली सात-आठ पोरं होती आणि त्यांच्याशी भांडणारे पंधरा-वीस आईबाप. केंद्र नेर रस्त्यावर, खास शाळा-कॉलेजच्या मुलांसाठी. पोरं लिहीत, तिथे दिवसदिवस भिंतीकडे तोंड करून उभं ठेवतात, पट्ट्यानं मारतात, घरी पाठवायची पत्रंसुद्धा सर आधी वाचतात. आईबाप लिहीत, आमचं लेकरू वाचलं. त्यांच्यात सगळ्यांत ठणकावून लिहायच्या त्या सुचित्राबाई. तेवीस वर्षं यवतमाळच्या शाळेत मराठी शिकवलेलं. वादात त्यांना हरवणं खायचं काम नव्हतं.

"पत्रं वाचतात ते बरंच करतात," त्यांनी एकदा लिहिलं होतं. "चुका तरी सुधारतात."

भारतचं उत्तर आलं. "पळालो नाही म्याडम. माय आली न घेऊन गेली."

"तिला उपचाराचं महत्त्व कळलं नसेल."

"माय शाळेत नाही गेली कधी."

"तेच म्हणते मी," सुचित्राबाईंनी लिहिलं आणि मोबाइल पालथा ठेवला.

मग कूलरसमोर बसून त्यांनी विणकाम हातात घेतलं. डिसेंबरात मुलाच्या, श्रेयसच्या, दप्तरात व्हाइटनरच्या अकरा रिकाम्या बाटल्या सापडल्या, तेव्हा त्या खूप रडल्या होत्या. केंद्राची जीप त्याला घेऊन गेली तेव्हा रडू आलं नाही, आणि त्यानंतर आलंच नाही. जेवणाला चव नव्हती, तरी त्या वेळेवर जेवत. कुणी विचारलं तर 'बरं आहे' म्हणत. भांडताना तेवढं आत काहीतरी हलायचं, म्हणून त्या भांडत.

त्यांचे यजमान मधुसूदन कृषी खात्यात होते. आदल्या साली बोंडअळीनं कपाशी खाल्ली होती, त्यामुळे यंदा मे लागताच बोगस बियाण्यांवर धाडी सुरू झाल्या होत्या. घरी येऊन ते घटाघटा पाणी प्याले.

"आज पन्नास पाकिटं धरली. छपाई अस्सल, शिक्का अस्सल. आतलं बियाणं तेवढं खोटं." मग टेबलावरच्या मुदतवाढीच्या फॉर्मकडे त्यांची नजर गेली. "सुचित्रा, सहा महिने होऊन राह्यले. आणू ना पोराले घरी. ते पोट्टे म्हणतात त्यातलं एखादं तरी खरं असन."

"त्याचं पत्र वाचलं ना तुम्ही?"

"वाचलं. आपला श्रेयस असा बोलत नाही."

"आधी बोलत नव्हता. आता बोलतो. त्यासाठीच तर पाठवलं ना त्याला?"

सुचित्राबाईंनी पत्र पुन्हा उघडलं. महिन्याला एकच पत्र यायचं, फोन नाही. एवढं नेटकं पत्र त्यांच्या वर्गात कुणी लिहिलं नव्हतं. एकही खाडाखोड नाही, समास सोडलेला, अक्षर सुवाच्य.

'ती. आई-बाबांस सा. न. मी येथे आनंदात आहे. जेवण उत्तम असते. सर प्रेमाने शिकवतात. मला भेटायला येण्याची घाई करू नये. जमल्यास लोकरीचा एक स्वेटर पाठवावा.'

"बघा," त्या म्हणाल्या. "ज्या पोराला उद्याच्या पेपरची फिकीर नसायची, तो सहा महिन्यांनंतरच्या थंडीचा विचार करतोय. त्यालाच राहायचंय तिथे. आपण कायले मध्ये यायचं?"

बायकोशी वाद घालून मधुसूदन कधी जिंकले नव्हते. त्यांनी चष्मा पुसला आणि सही केली.

शनिवारी केंद्राचा ड्रायव्हर देवीलाल दारात आला. सुचित्राबाईंनी त्याच्या हाती फॉर्म दिला आणि निळ्या स्वेटरची पिशवी दिली. माप दोन बोटं वाढवूनच विणलं होतं, वाढतं अंग.

"कसा आहे श्रेयस?"

"एकदम शांत आहे, मॅडम. काही तरास नाही त्याचा."

त्यानं पिशवीत डोकावून पाहिलं, जरासा हसला आणि पिशवी जीपमध्ये टाकली. बाहेर रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. डांबर चपलेला चिकटत होतं.

सुचित्राबाई आत आल्या. पत्राचा फोटो काढून त्यांनी गटात टाकला आणि खाली लिहिलं, "हा माझ्या मुलाच्या हातचा पुरावा. आता बोला."

आईबापांचे अंगठे धडाधड आले. पोरांपैकी कुणीच बोललं नाही. अर्धा तास गेला. एवढा मोठा वाद जिंकल्यावर काहीतरी वाटायला हवं होतं. त्यांना काहीच वाटलं नाही. त्यांनी उरलेल्या लोकरीचा गुंडा करायला घेतला.

मोबाइल वाजला. भारत होता.

"म्याडम, स्वेटर पाठवला काय?"

"आत्ताच पाठवला. स्वतः विणून. आणखी सहा महिन्यांचा फॉर्मही भरून दिला."

मग भारतनं लिहिलं. या खेपेला सुचित्राबाईंनी एकही चूक दाखवली नाही.

"आम्ही नऊ जणांनी मागतला होता. असाच, मागच्या मे महिन्यात. सर पत्र वाचत, दुसरं काही लिहू देत नव्हते. माह्या मायले तांड्यावरच्या रामधननं पत्र वाचून दाखवलं. ती म्हणे, एवढ्या उन्हात लेकरू स्वेटर काहून मागून राह्यलं? न तशीच एसटीत बसली. बाकी आठ जणांच्या घरून स्वेटर आले."