बुटांसकट

“पण सर, हा बूट घालून का झोपतो?” मालिकेत घोळूचं काम करणाऱ्या पोरानं पलंगावर पडल्या पडल्या विचारलं. पांघरुणाच्या टोकाशी त्याचे बूट बाहेर आले होते. नाड्या घट्ट बांधलेल्या.

लेखक दचकला. मालिकेचे एवढे भाग झाले, कुणी हे विचारलं नव्हतं. बूट दिसले की लोक खो खो हसायचे, विषय संपायचा. आणि या पोराला नेमकं आजच सुचायचं होतं, समोर पहिल्या रांगेत तो बसलेला असताना!

तो म्हणजे लेखकाचा सावत्र भाऊ. फ्रिज दुरुस्त करणारा, अंगानं आडवा, बोलायला संथ. लेकीला घेऊन आला होता. लेक या मालिकेवर जीव टाकायची. काकाच ती लिहितो म्हटल्यावर तिनं चित्रीकरण बघायचा हट्टच धरला. लेखकानं बरेच दिवस टोलवाटोलवी केली. कधी म्हणे पास संपले, कधी म्हणे तारीख पुढे गेली. शेवटी आईनंच फोनवर झापलं, “भाऊ ना तो तुझा? मग तोंड का चुकवतोस त्याचं?”

का ते आईला पक्कं ठाऊक होतं. मालिका होती दोन सावत्र भावांची. एकाची आई दुसऱ्याच्या वडिलांशी लग्न करते, दोन पोरं एका खोलीत येऊन पडतात आणि त्यांचं काही केल्या जमत नाही. त्यातला शहाण्या म्हणजे लेखक स्वतः. चुणचुणीत, तिरकस. रात्री दिवा मालवला की पिशवी उशाशी घेऊन ऐकवायचा, “पहाटे मी आणि आई निघून जाणार!” आणि पहाटे घोरत पडलेला असायचा. शाळा-कॉलेजातल्या पोरापोरींच्या तोंडी बसलं होतं ते वाक्य.

घोळू मात्र नखशिखांत हा भाऊ. शाळेची बस येऊन निघून जाते तरी ज्याची दुसरी नाडी बांधून व्हायचीच असते, तो. जिन्यात कुणी नसलं तरी आधी बाजूला सरून वाट देतो, तो. आणि बुटांसकट झोपतो, तोही. लेखकानं यातलं काही रचलं नव्हतं, सरळ उचललं होतं. मुलाखतीत मात्र “सगळं डोक्यातलं हो,” म्हणून ठोकून द्यायचा.

“ते बुटांचं तरी नको होतं घालायला,” पहिला भाग बघून आई म्हणाली होती.

“अगं, गंमत आहे ती,” म्हणून त्यानं विषय उडवून लावला होता.

आता ती गंमत अंगाशी आली. मघाशी तालीम सुरू झाली तेव्हा लेक टाळ्या पिटत ओरडली होती, “बाबा, बघा बघा, बूट!” बाबा हसले नव्हते. नुसते त्या बुटांकडे बघत राहिले होते. लेखकाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. वाटलं, प्रसंगच कापून टाकावा. पण सांगणार काय? कापायचं कारण सांगितलं तर चोरी उघडी पडणार. त्यानं कागदांत डोकं खुपसलं.

“सांगा ना त्याला,” दिग्दर्शिका घाई करत म्हणाली. “कारण कळलं तर नीट करेल बिचारा.”

“कारण कसलं डोंबलाचं?” लेखकाला कसंही करून हे उरकायचं होतं. “बावळट आहे म्हणून झोपतो.”

दिवेवाले हसले. लेखकानं जीभ चावली, पण बोलायचं ते बोलून झालं होतं.

पहिल्या रांगेतली खुर्ची करकरली. “कारण होतं,” भाऊ म्हणाला.

सगळ्यांच्या माना वळल्या. आता हा चारचौघांत माझी लाज काढणार, लेखकाला वाटलं. काढू दे. तेवढीच लायकी आहे आपली. पण भावानं त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तो सावकाश पुढे आला, पलंगाशी वाकला आणि पोराच्या बुटाची गाठ नीट बसली आहे ना, ते अंगठ्यानं दाबून पाहिलं.

“दिवा मालवला की शहाण्या काय म्हणतो रे?”

“पहाटे मी आणि आई निघून जाणार!” पोरानं ठसक्यात म्हणून दाखवलं.

“हां. तुम्हाला सगळ्यांना ती थाप वाटते.” भाऊ ओशाळं हसला. “घोळूला खरं वाटायचं. आधीच त्याला आई नव्हती. आत्ता कुठे एक आई मिळाली होती, भाऊ मिळाला होता.”

लेखकाच्या हातातले कागद खाली आले. “अरे, पण मी आपलं नुसतं... तुला चिडवायला...”

“ते आता कळतं रे.” भावानं पहिल्यांदाच त्याच्याकडे पाहिलं. डोळ्यांत राग शोधूनही सापडला नसता. “तेव्हा वाटायचं, तुम्ही दोघं खरंच निघालात तर मागोमाग पळायला हवं. आणि नाड्या बांधायला मला किती वेळ लागायचा, ते तर तुला माहीतच आहे.”