समासातल्या रेघोट्या

ज्यूंच्या इतिहासाचं ते जाडजूड पुस्तक बांधणीला आलं, तेव्हा बाइंडरला झायोनिझम म्हणजे काय ठाऊक नव्हतं. पण हाती आलेलं पुस्तक वाचल्याशिवाय शिवायचं नाही, ही त्याची खोड होती. आठवडाभरात त्यानं अक्षरन् अक्षर वाचून काढलं. कधी डोळे पाणावले, कधी लेखकाशी भांडावंसं वाटलं. पुस्तक न्यायला आलेल्या आजोबांपुढे तो छाती फुगवून म्हणाला, “झायोनिझम, म्हणजे ज्यूंचं मायदेशाचं स्वप्न, मारलेली साठ लाख माणसं, नंतरची युद्धं, काहीही विचारा, सगळं पाठ आहे! आणि समासातल्या पेन्सिलीच्या रेघोट्या फुकटात खोडून दिल्यात.” चार पानं उलटून आजोबा हळूच म्हणाले, “त्या रेघोट्या नव्हत्या रे. आमची हिब्रू लिपी होती. त्या साठ लाखांतली आमच्या घरची नावं आईनं लिहून ठेवली होती.” बाइंडरच्या बाहीला खोडरबराचा चुरा चिकटलेला होता, तो झटकायला त्याचा हात धजेना.