पहिले दांडा

ईश्वरदासनं कात्री घेतली आणि आपल्याच मागावरच्या ताण्याचा एक उभा धागा कचकन तोडला.

सुताच्या कांड्या भरत बसलेल्या गोदूबाईचा रहाट जागीच थांबला. "काय करता जी! चालत्या लुगड्याचा धागा? डोकं फिरलं का तुमचं?" अहो, विणकराच्या घरात धागा आपणहून तुटला तरी जीव हळहळतो, आणि इथं घरधनीच कात्री घेऊन बसलेला!

"तू चूप राय वं," ईश्वरदास म्हणाला. खड्ड्यातले त्याचे पाय पावड्या दाबतच होते.

त्यांचा पोरगा जागेश्वर मागाच्या कडेला उभा होता. धागा तुटलेला दिसताच त्याचा हात सरळ आत गेला, टोक धरायला. लहानपणापासून तो हेच शिकला होता. धागा तुटला की विणणाऱ्याचे पाय थांबतात, मग हात आत घालायचा. आज बापाचे पाय थांबलेच नाहीत. सूत ठोकणारी फणी आली आणि दाणकन त्याच्या बोटांवर बसली.

"माय वं!"

"तेथं मिलमधी लोखंड राहीन!" बाप ओरडला. "थांबाले माहे पाय नसतीन तेथं. पहिले दांडा, मंग धागा. सांगतलं का नाई तुले?"

दांडा म्हणजे सकाळीच खांबात ठोकलेली लाकडी खुंटी. मिलमधला माग दांडा ओढल्याशिवाय थांबत नाही, हे शेजारच्या चंद्रभाननं सांगितलं होतं. तो आता दारात बसला होता, उजवा हात फडक्यात गुंडाळून. त्या हाताची दोन बोटं मिलमध्येच राहिली. त्यानंही धागा तुटला म्हणून हात आत घातला होता. उद्या जागेश्वरला ज्या जागेवर घेऊन पाहणार होते, ती चंद्रभानचीच जागा.

"आवाज असा राहते गा," चंद्रभान म्हणाला, "का आपली बोंब आपल्यालेच आयकू येत नाई."

गोदूबाईनं त्या फडक्याकडे पाहिलं आणि तोंड फिरवलं. "नोका धाडू त्याले. लुगडेच इणू आपण."

"कोनासाठी? मिलचं स्वस्त लुगडं सोडून तुहं कोन नेसते? सुराज आलं, आता पोराइले कामं भेटतीन म्हने. सारा मोहल्ला फाटकाशी उभा राहून राहिला. याले बलावलं, त नाई म्हनू?" बोलता बोलता ईश्वरदासचा आवाज चिरकला. भीती त्यालाही वाटतच होती. पण ओरडल्याशिवाय ती दबेना, म्हणून ओरडत होता.

त्यानं पुन्हा धागा तोडला. पुन्हा पोराचा हात आत. आता बोटाच्या पेरातून रक्त आलं.

"बाबा, हात आपोआप जाते," जागेश्वर रडवेला झाला. मिसरूड फुटलेला एवढा घोडा, पण बापापुढं पार लहान पोर झाला. "मले लय भेव लागून राहिलं."

"लागू दे भेव. हात तेवढा आवर."

अंगणातलं ऊन भिंतीवर चढलं तरी बापलेकांचं तेच चाललं होतं. लुगड्याचं तर पार वाटोळं झालं. आणि मग एक धागा कुणी न तोडता, आपणहून तुटला. ईश्वरदासचे पाय सवयीनं थांबले. माग गप्प झाला.

जागेश्वरचा हात खुंटीवर होता.

"गेला! दांड्यावर गेला!" चंद्रभान दारातून ओरडला. गोदूबाईनं डोळे मिटून हात जोडले.

ईश्वरदास तसाच बसून राहिला. एरवी त्याच्या मागाचा धागा तुटला की त्याच्याआधी पोराचा हात यायचा. आज तो आला नाही. शेवटी त्यानं स्वतःच वाकून टोक शोधलं. गाठ काही बसेना.

"बाबा, मी बांधतो," जागेश्वर पुढे झाला.

"मांगं हो!" बाप केवढ्यानं तरी ओरडला. "या मागाले आता हात लावू नोको. आज नाई, कधीच नाई. इसरला हात, त इसरू दे त्याले."

जागेश्वर घाबरून मागे सरला आणि त्यानं पुन्हा खुंटी घट्ट धरली. माग तर केव्हाचाच थांबलेला होता.